पाण्यात बुडवलेली दुर्बीण

आमच्या घरात प्रेशर कुकर आला तोसुद्धा तीन कोटेशनं मागवून. बाबा सरकारी खात्याच्या भांडार शाखेत होते. खात्याला जे जे लागे, खुर्च्यांपासून जनरेटरपर्यंत, ते विकत घेण्याचे कागद त्यांच्या टेबलावरून जात, आणि एकाच दुकानदाराचा भाव ऐकून वस्तू उचलणं हे त्यांच्या लेखी जवळजवळ चोरीत मोडायचं. आजोबा नागपूरहून कचेऱ्या भोपाळला हलल्या तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर आले, त्यांच्याकडून ही शिस्त बाबांकडे आली आणि बाबांकडून ती नेहरू नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघरापर्यंत पोचली. मिक्सर, गादी, माझी सायकल, सगळ्यांचा आधी तुलनात्मक तक्ता व्हायचा. आई म्हणायची, "बरं झालं माझ्या वडिलांनी एकच मुलगी दाखवली. तिघी दाखवल्या असत्या तर यांचं लग्न अजून प्रलंबित असतं." बाबा हसायचे नाहीत. ते म्हणायचे, तेव्हा मी नोकरीत नवीन होतो.

आमच्या मराठीला भोपाळचं पाणी लागलेलं होतं. आई वैतागायची नाही, परेशान व्हायची; मला शाळेच्या दाखल्यात चांगलं भारदस्त नाव असूनही घरात आणि गल्लीत मुन्ना म्हणत. रविवारी सकाळी कांदेपोहे नागपुरी पद्धतीचे, पण वर शेव आणि बाजूला कोपऱ्यावरच्या हलवायाची गरम जिलेबी, हे मात्र भोपाळचं. कढईत मोहरी तडतडली की समोरच्या क्वार्टरमधून सिद्दीकी साहेबांच्या खोकल्याचा आवाज यायचा. हा खोकला म्हणजे येऊ का असं विचारणं होतं. ते जंगल खात्यातून निवृत्त झालेले, उंच, बोलके, पत्नी गेल्यापासून एकटे. एक जुनी जीप होती त्यांच्याकडे, जी सुरू व्हायला त्यांच्याहून जास्त खोकायची. पोह्यांच्या बदल्यात ते आम्हाला त्या जीपमध्ये घालून भदभद्याच्या पुढे, बिशनखेडीकडे, मोठ्या तलावाच्या पाणथळ काठावर पक्षी दाखवायला न्यायचे. बाबा जीपमध्ये बसून पेपर वाचायचे. मी पक्षी बघायचो असं नाही, मी जीप बघायचो. बघायची ती आई.

त्यातल्या एका सकाळी सिद्दीकी साहेबांनी गळ्यातली दुर्बीण काढून आईच्या हातात दिली. लहानशी, काळा रंग उडून कडांना पितळ दिसायला लागलेली, डोळ्यांकडच्या बाजूचं रबर झिजून पार गेलेलं. आईने चष्म्यासकट ती डोळ्यांना लावली आणि मग बराच वेळ परत दिलीच नाही. समोर हरभऱ्याच्या शेताच्या कडेला, पाणी आणि ओली माती जिथे एक होते तिथे, सारसांची जोडी उभी होती, माणसाएवढी उंच, आणि त्यांच्या मागे तपकिरी डोक्याचं त्यांचं पिल्लू. हे पिल्लू वगैरे मला आईनेच सांगितलं. मला नुसते तीन खांब दिसत होते. डब्यातली सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची, आमच्याकडे नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, गार झाली, बाबांचा पेपर वाचून संपला, तरी आई तशीच उभी. शेवटी दुर्बीण खाली घेऊन ती हळूच म्हणाली, "अहो, त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. डोळ्यात डोळा घालून." तिच्या गालांवर दुर्बिणीने दाबलेल्या चष्म्याच्या कडांचे दोन वण उमटले होते. ते दुपारपर्यंत राहिले आणि तिने ते पुसायचा प्रयत्न केला नाही.

त्याच हिवाळ्यात तिच्या चष्म्याचा नंबर बदलायला म्हणून आम्ही डॉक्टरांकडे गेलो आणि काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली जपायची, पण कडांकडून ती हळूहळू कमी होत जाईल. किती हळूहळू, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. आईने हे भाजीचा भाव ऐकावा तसं ऐकून घेतलं. घरी आल्यावर चहा टाकला, आणि चहा गाळता गाळता म्हणाली की तिला एक दुर्बीण हवी आहे. सारसांचं कुटुंब पुन्हा एकदा नीट बघायचं आहे, दिसतंय तोवर. लग्नानंतर तिने स्वतःसाठी मागितलेली अशी वस्तू मला दुसरी आठवत नाही. बाबांनी ती मागणी तत्काळ मंजूर केली. मंजूर करणं आणि खरेदी करणं यांच्यामध्ये भांडार शाखा असते हे आम्ही त्या क्षणी विसरलो होतो.

खरं म्हणजे गोष्ट तिथेच मिटायला हवी होती. सिद्दीकी साहेब तेव्हा क्वार्टर सोडून मुलीकडे हैदराबादला निघाले होते. सामान बांधताना ते आले, दुर्बीण आमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "भाभी, ये आपके पास रहे तो मुझे तसल्ली रहेगी. हैदराबाद में मैं इससे क्या देखूँगा, पड़ोसियों की बालकनी?" बाबांचा चेहरा पडला. विकत घ्यावी तर एकच कोटेशन; भेट म्हणून घ्यावी तर ते त्याहून वाईट, आयुष्यभर त्यांनी कुणाची डायरीसुद्धा भेट घेतलेली नव्हती. त्यांनी पेच सोडवण्यासाठी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे जगातलं सगळं कळत असण्याचं ते शेवटचं वर्ष. मी ती दुर्बीण खिडकीशी नेऊन, उलटीसुलटी करून, एका काचेत बुरशीचं जाळं आहे, डोळ्यांकडचं रबर नाही, आणि पाण्याचा एक थेंब आत गेला तर हिचा कारभार संपला, असा अहवाल दिला. साहेबांच्या देखत. ते हसले, म्हणाले, बरखुरदार बरोबर बोलतोय, ही माझ्याच वयाची आहे.

आई म्हणाली, "पण मला यातून दिसलं होतं."

"अगं, दिसणं वेगळं आणि वस्तू चांगली असणं वेगळं," बाबा म्हणाले. मी मान डोलावली. हे वाक्य मला तेव्हा इतकं पटलं की पुढे मी ते कॉलेजात दोन-तीन ठिकाणी स्वतःचं म्हणून वापरलं.

सिद्दीकी साहेब दुर्बिणीसकट हैदराबादला गेले, आणि आमच्या घरात खरेदी समिती बसली: बाबा अध्यक्ष, मी तांत्रिक सदस्य. लाभार्थी स्वयंपाकघरात. बाबांनी पहिल्याच बैठकीत मुख्य अट घातली की वस्तू पाण्याजवळ वापरायची आहे तेव्हा ती पाण्याला टिकली पाहिजे, नुसते शिंतोडे नव्हे, बुडाली तरी. आणि पडली तरी. तांत्रिक सदस्याला हे इतकं आवडलं की त्याने अभ्यास सोडला. न्यू मार्केटमधल्या एका सायबर कॅफेत, गुटख्याच्या वासात आणि शेजारच्या खोक्यातल्या प्रेमिकांच्या कुजबुजीत, मी दुर्बिणींवर वाचत बसायचो. प्रिझम दोन प्रकारचे असतात, काचेवर थर किती दिले आहेत त्यावर उजेड ठरतो, पहिला आकडा म्हणजे कितीपट मोठं आणि दुसरा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, आत नायट्रोजन भरला असेल तर धुकं धरत नाही. नायट्रोजनचं ऐकून बाबा प्रभावित झाले, पण त्यांनी विचारलं, भरलाय याचा पुरावा काय? हा मुद्दा बरेच दिवस अनिर्णित राहिला.

मी आठपटीवर थांबायला तयार नव्हतो. दहापट मिळत असताना आठ का घ्यायची, असा माझा सवाल होता, आणि पुढची काच जेवढी मोठी तेवढी चांगली. दहापटीने हाताचा कंपही दहापट होतो असं वाचलं होतं मी, पण माझा हात स्थिर होता. बाबांचाही होता. आणि आम्हा दोघांपैकी कुणालाही तेव्हा चष्मा नव्हता. आज लिहिताना हे वाक्य नुसतं ठेवून पुढे जावं असं वाटतं, पण याच्याभोवतीच सगळं प्रकरण फिरतं म्हणून सांगून टाकतो: आम्ही दोघांनी महिनोन्महिने त्या यंत्राला विचारायचे सगळे प्रश्न विचारले, आणि ज्या डोळ्यांसाठी ते घ्यायचं होतं त्या डोळ्यांना एकही नाही. आई अधूनमधून समितीच्या बैठकीत चहा घेऊन यायची आणि विचारायची, झालं का ठरवून? बाबा म्हणायचे, घाईत चुकीची वस्तू नको. तिसरं कोटेशन दिल्लीहून यायला उशीर झाला. होळी आली. आई एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हणाली की आता सारस त्या काठावरून गेलेही असतील. मी म्हटलं, पुढच्या वर्षी येतील की. ती चिमटे लावत राहिली. तिला हल्ली दोरीवरचे चिमटे चाचपून शोधावे लागत होते.

दुर्बीण आली ती पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी. काय देखणं धूड होतं ते. जाड हिरवं रबर, दहापट, पुढे बशीएवढ्या काचा, उचलली की मनगट खाली जायचं. बाबांनी खोका फोडण्याआधी त्याच्या चारी बाजू तपासल्या. मग स्वीकृती चाचणी. न्हाणीघरात आईची कपडे भिजवायची बादली काठोकाठ भरली, बाबा घड्याळ घेऊन स्टुलावर बसले आणि मी दुर्बीण पाण्यात सोडली. ती तळाशी जाऊन मगरीसारखी आमच्याकडे बघत बसली. बाहेर आई मळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन उभी. तिने दारातून डोकावून विचारलं, "तिची आंघोळ झाली की मला बादली मिळेल का?" बाबांनी हाताने थांब अशी खूण केली, घड्याळावरून नजर न काढता. वेळ भरली, दुर्बीण बाहेर आली, पुसली, आतून कोरडी ठणठणीत. बाबा स्टुलावरून उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी माझ्या निकालाच्या दिवशीसुद्धा पाहिला नाही, अर्थात माझे निकालही तसलेच असत. त्यानंतर गादीवर टाकून पाहिली, मग सतरंजीवर. टिकली. आई म्हणाली, आता मी बघू का? बाबा म्हणाले, इथे काय बघणार, भिंत? तलावावर बघ.

सिद्दीकी साहेबांची जीप नव्हती म्हणून रविवारी पहाटे रिक्षा केली. मागे आम्ही तिघं आणि मांडीवर दुर्बिणीची पेटी, नव्या सुनेसारखी सांभाळलेली. थंडी चांगलीच होती. आईने मफलर कानाला गुंडाळला होता, थर्मासमध्ये आल्याचा चहा, डब्यात सांबारवडी. बिशनखेडीच्या काठावर धुकं हळूहळू उचलत होतं, पाण्यात मधेच बदकं कलकलायची, आणि पलीकडे ओल्या शेतात सारस होते. किती होते ते मी सांगत नाही, त्याचं कारण पुढे येईल. आई पेटीकडे हात करून थांबली होती. बाबांनी कुलूप उघडलं, तिच्या गळ्यात पट्टा घातला, त्या वजनाने तिची मान थोडी वाकली.

तिने ती डोळ्यांना लावली. काढली. चष्मा पुसला, परत लावली. मग चष्मा कपाळावर सरकवून लावली. दोन्ही कोपरं छातीशी धरून ती स्थिर करायचा प्रयत्न केला, तरी पुढच्या बशा थरथरताना मला दिसत होत्या. चष्म्याचं आणि दुर्बिणीच्या जाड रबराचं जमत नव्हतं, डोळा काचेपासून लांब राहायचा आणि सगळीकडून काळं यायचं. चष्मा काढला तर धूसर. हे मला आज माहीत आहे. त्या वेळी मला एवढंच दिसलं की तिला वापरता येत नाहीये, आणि मी जरा अधीर झालो, कारण माझा नंबर यायचा होता.

"छान आहे," आई म्हणाली. पट्टा काढून तिने माझ्या हातात दिली. "तू बघ मुन्ना, आणि मला सांग."

मी लावली. काय स्वच्छ दिसत होतं! आई शेजारून म्हणाली, काय करतायत रे? मी म्हटलं, "बाबा, कडेपर्यंत एकदम साफ आहे. फक्त अगदी टोकाला किंचित निळी झाक येतेय."

"निळी? किती?" बाबा लगेच जवळ आले.

"पिल्लू आहे का?" आईने विचारलं.

मी बघतो म्हटलं, आणि निळी झाक डाव्या बाजूला जास्त आहे की उजव्या हे बघायला लागलो. मग बाबांनी घेतली. त्यांच्या मते झाक दोन्हीकडे सारखी होती, तेव्हा तो दोष नसून त्या काचेची जातच तशी होती. मग त्यांना आठवलं की न्हाणीघरातलं पाणी नळाचं होतं आणि तलावाचं पाणी वेगळं. आम्ही दोघं काठाशी उकिडवे बसलो, बाटलीने तलावाचं पाणी तिच्यावर ओतलं, बाबांनी खिशातून मलमलचा तुकडा काढला आणि आम्ही एकेक काच पुसायला लागलो, मी डावी, ते उजवी. मधेच कर्ण्यासारखा मोठा आवाज झाला, मग पुन्हा, मग बराच फडफडाट. मी मान वर केली तेव्हा पक्षी खूप लांब गेले होते, आणि आई त्यांच्या दिशेला तोंड करून उभी होती. रिक्षात बसताना बाबा म्हणाले, वस्तू एक नंबर आहे. आईने डबा उघडून दोघांना वड्या दिल्या.

पुढे आम्ही तिकडे गेलोच नाही असं नाही, पण सारस काही भेटले नाहीत. एका वर्षी तिथे कुणीतरी तारेचं कुंपण घातलं, मग बाबांची बदली, मग माझी नोकरी. आईने दुर्बिणीचं नाव पुन्हा काढलं नाही. ती गोदरेजच्या कपाटात डांबरगोळ्यांशेजारी राहिली, पाण्यापासून सुरक्षित. थेंब नेमाने घालूनही आईची नजर कडांकडून येत येत मधे आली आणि एक दिवस नुसता उजेड-अंधार उरला. बाबा गेले त्यानंतर मी तिला कोलार रोडच्या माझ्या फ्लॅटवर आणलं.

मला चष्मा लागला तो पन्नाशीच्या अलीकडे. कपाट रिकामं करताना ती दुर्बीण सापडली, गॅलरीत नेऊन लावली, आणि चष्म्यामुळे मला काळ्या चंद्रकोरींखेरीज काही दिसेना. चिडून डोळ्यांकडचं रबर बोटांनी धरलं, तर ते फिरलं. खट् करून आत गेलं. दुसरं फिरवलं, तेही गेलं. पुन्हा लावली, तर समोरच्या इमारतीच्या टाकीवरचा कावळा चोच पुसताना दिसला, चष्म्यासकट, अख्खा. ते रबर तसं फिरवायचं असतं, चष्मेवाल्यांसाठी. माहितीपत्रकात दुसऱ्याच पानावर लिहिलेलं होतं. तांत्रिक सदस्याने ते पान वगळलं होतं, कारण ते त्याला लागू नव्हतं. मी किती वेळ तो कावळा बघत होतो कुणास ठाऊक.

मग मी आत गेलो. आई दिवाणावर बसून वाटाणे सोलत होती. या कामाला दिसण्याची गरज नसे. रबराचं मी तिला सांगितलं नाही, तेवढी हिंमत झाली नाही. नुसतं म्हटलं, जुनी दुर्बीण सापडली. तिचे हात क्षणभर थांबले आणि तिने विचारलं, "त्या दिवशी काय करत होते रे ते? तुझं सांगायचं राहून गेलं."

आता माझं कसं आहे, मला कुठलीही गोष्ट रंगवून सांगता येते, लग्नाच्या पंगतीत लोक माझ्याशेजारची जागा धरतात. पण आठवायला गेलो तर मला काचेच्या टोकाची निळी झाक दिसली, स्पष्ट, कालची असावी तशी, आणि तिच्या मधे काही नाही. म्हणून मी रचलं. म्हटलं, जोडी होती, मधे पिल्लू होतं, नर पंख पसरून नाचत होता, मादी मान वाकवून उत्तर देत होती, पिल्लू दोघांच्या पायांत अडखळत होतं. चांगलं जमलं होतं. आई शेंग हातात धरून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"पिल्लू नव्हतं," ती म्हणाली. "पिल्लाचा आवाज बारीक असतो. आवाज दोघांचाच होता."

मग तिने सांगितलं, वाटाणे सोलत, घाई न करता. की आधी एकाने हाक दिली, आणि दुसऱ्याने लगेच, दर हाकेला दोनदा. की ते पाण्यातून पळाले तेव्हा पावलांचे आवाज आधी वेगवेगळे आले आणि मग एकत्र. की तिला वाटलं होतं ते पलीकडे जातील, पण ते आमच्याकडेच आले.

"अगदी डोक्यावरून गेले, मुन्ना," ती म्हणाली. "पंखांचा वारा लागला मला."

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. मला काही लागलं नव्हतं.